गावची हवा मोजायची, तर कुणाच्या नाकाशी?

थंडी पडली की दिल्लीच्या हवेचा निर्देशांक रोज बातम्यांत येतो आणि त्यामागोमाग काड, पाचट जाळणाऱ्या शेतकऱ्याकडे बोट दाखवले जाते. शेतातला धूर हा खरा प्रश्न आहेच. पण तुमच्या घरातली माणसे आणि मळणीवर येणारे मजूर दिवसभरात किती धूर आणि धूळ छातीत घेतात, हा आकडा या चर्चेत कुठेच नसतो.

त्याचे एक कारण धोरणातच आहे. केंद्र सरकारने जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. त्यात देशातील सुमारे १३० शहरे आहेत. आपल्या राज्यातून पुणे, नागपूर, नाशिकपासून जालना, लातूर, सांगलीपर्यंतची शहरे त्यात येतात. प्रगती मोजली जाते ती प्रामुख्याने ‘पीएम १०’ या कणांवर. म्हणजे १० मायक्रॉनपर्यंतचे कण, ज्यात रस्त्यावरची धूळ बरीच असते. चुलीच्या धुरातले बहुतेक कण २.५ मायक्रॉनपेक्षाही बारीक (पीएम २.५) असतात आणि ते फुप्फुसात खोलवर जातात. तेव्हा हा कार्यक्रम शहरांचा, मोजमाप मुख्यतः जाड कणांचे आणि राष्ट्रीय मानके बाहेरच्या हवेची. खेड्यातले स्वयंपाकघर या तिन्हींतून निसटते.

हवेतले प्रमाण आणि अंगावर आलेला भार

फवारणीचे उदाहरण घ्या. टाकीतल्या द्रावणाची तीव्रता ही एक गोष्ट आणि फवारणाऱ्याच्या अंगावर किती उडाले ही दुसरी. हवेचेही तसेच आहे. केंद्राचे यंत्र एका जागची तीव्रता सांगते. माणसावरचा भार ठरतो तो माणूस कुठे आणि किती तास होता यावर.

समजा, एक बाई चुलीपुढे ३ तास असते आणि तिथे पीएम २.५ चे प्रमाण घनमीटरला ५०० मायक्रोग्रॅम आहे. ८ तास ती शेतात असते, तिथे ४०. उरलेले १३ तास घरात, तिथे ५०. गुणाकार करून बेरीज २४७० येते. २४ ने भागले की सरासरी सुमारे १०३. आपले २४ तासांचे राष्ट्रीय मानक ६० आहे, जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस १५. आता चुलीजवळचे प्रमाण १०० वर आले असे धरा. तीच सरासरी ५३ होते. आकडे समजण्यासाठी घेतलेत, पण त्यातली गोष्ट खरी आहे: दिवसातले ३ तास सगळा हिशोब फिरवतात. त्याच घरातला, चुलीपाशी न बसणारा पुरुष त्याच गावात निम्म्याहून कमी भार घेतो. गावाला एकच आकडा दिला, तर हा फरक पुसला जातो.

हे नव्याने कळलेले नाही. कर्क स्मिथ या शास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातमधील खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावरच यंत्रे लावून धूर मोजला होता. अलीकडचे मोठे काम म्हणजे भारत (तमिळनाडू), ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा येथे ३२०० गर्भवती स्त्रियांवर झालेली चाचणी. तिचे निकाल २०२२ मध्ये आले. निम्म्या स्त्रियांना गॅस शेगडी आणि सिलिंडर मोफत दिले. अंगावरच्या यंत्रांनी मोजलेले पीएम २.५ चूल वापरणाऱ्या गटात सुमारे ७० होते, गॅसच्या गटात २४. बाळांच्या जन्मवजनात मात्र लक्षणीय फरक दिसला नाही. यावरून ‘गॅसचा उपयोग नाही’ असा अर्थ काढणे चूक ठरेल. गॅस मिळाला तो गर्भारपणाचे ९ ते २० आठवडे झाल्यावर, आणि जन्मवजन ही आरोग्याची एकच बाजू. पण ‘शेगडी दिली, काम झाले’ असे म्हणणाऱ्यांनीही हा निकाल वाचावा.

त्या चाचणीत सिलिंडर दारात येत होता. आपल्याकडे उज्ज्वला योजना मे २०१६ मध्ये आली, जोडण्या झाल्या. पण पुन्हा सिलिंडर भरायचा तर पैसे लागतात आणि पऱ्हाट्या, तुराट्या शेतात फुकट पडलेल्या असतात. त्यामुळे चहा गॅसवर, भाकरी चुलीवर आणि अंघोळीचे पाणी बंबात, असे चित्र नेहमीचे आहे. सर्वेक्षणात ‘गॅस आहे का?’ एवढेच विचारले तर उत्तर ‘हो’ येते आणि धूर नोंदला जात नाही. कृषी सहायक आणि आशाताईंनी प्रश्न बदलावा: काल सकाळपासून काय काय पेटवले, किती वेळ आणि जवळ कोण होते?

मोजायचे कसे

पीएम २.५ दाखवणारी छोटी यंत्रे आता काही हजार रुपयांत मिळतात. एखादा गट किंवा उत्पादक कंपनी एक यंत्र घेऊन घरोघरी फिरवू शकते. यंत्र भिंतीवर उंच टांगू नका. चुलीपुढे बसणाऱ्या बाईचे नाक जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर असते, मांडीवरच्या मुलाचे त्याहून खाली. यंत्र तिच्या बाजूला, त्या उंचीवर ठेवा. थेट आचेपुढे नको. एका वेळच्या आकड्यावर भरवसा ठेवू नये, पूर्ण २४ तास घ्यावेत आणि सोबत कागदावर वेळ लिहावी: चूल कधी पेटली, खिडकी उघडी होती का.

दोन मर्यादा ध्यानात असू द्या. ही यंत्रे प्रकाशाच्या साहाय्याने कण मोजतात, त्यामुळे धुक्यात, पावसाळी दमट हवेत फुगलेले आकडे दाखवतात. याउलट मळणी यंत्राची जाड धूळ ती कमी दाखवतात. सोयाबीन किंवा तुरीच्या मळणीत आकडा बरा दिसला, म्हणून तोंड उघडे ठेवून पेंढ्या सारू नका. रुमालाने भुसकट अडेल, बारीक धूळ नाही. त्यासाठी नाकाभोवती घट्ट बसणारा एन-९५ मास्क लागतो. वाऱ्याची दिशा पाहून यंत्र उभे केले आणि मजूर वाऱ्याच्या वरच्या बाजूला राहतील असे पाहिले, तर खर्च न करता बराच फरक पडतो.

पाचटाच्या आगी उपग्रह मोजतात, पण त्यांतले महत्त्वाचे उपग्रह आपल्यावरून दुपारी आणि रात्री दीडच्या सुमारास जातात. संध्याकाळी पेटवून तासाभरात विझलेला फड त्यांना दिसेलच असे नाही. थंडीत संध्याकाळनंतर जमिनीलगतची हवा वर उठत नाही, म्हणून तो धूर वस्तीतच बसतो आणि चुलीच्या धुरात मिसळतो. अशा दिवशी गावातल्या यंत्राने दाखवलेली वाढ तारखेसह लिहून ठेवा. पाचट सरीत कुजवण्याविषयी ग्रामसभेत बोलताना ती उपयोगी पडेल.

आणि थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपत असाल, तर तिथला धोका कार्बन मोनॉक्साइडचा आहे. त्याला रंग नाही, वास नाही आणि धूळ मोजणारे यंत्र तो दाखवत नाही. शेगडी बाहेर ठेवा.