पाणबुडीच्या हिशेबात वेल्डर कुठे आहे?

ऑक्टोबर 2024 मध्ये केंद्र सरकारने अणुशक्तीवर चालणाऱ्या दोन हल्ला-पाणबुड्यांना मंजुरी दिली. खर्च सुमारे 40 हजार कोटी रुपये सांगितला गेला. लगेच आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सुरू झाले: दोनच कशाला? सहा बांधा, पैसा ओता, चीनला दाखवून देऊ.

पैशाने पाणबुडी होत असती तर अमेरिकेला अडचण नव्हती. वर्षाला दोन व्हर्जिनिया पाणबुड्या हे तिचे लक्ष्य. दीडसुद्धा होत नाही, कारण कुशल हात अपुरे आहेत. ब्रिटनने दोन वर्गांच्या मध्ये खंड पडू दिला. मग ॲस्ट्यूट पाणबुडी अशी अडकली की 2003 मध्ये अमेरिकन कंपनीचे तज्ज्ञ बोलवावे लागले.

आपण हेच मुंबईत केले आहे. माझगाव डॉकने जर्मन आराखड्यावर बांधलेल्या डिझेल पाणबुड्या शाल्की आणि शंकुल 1992 आणि 1994 मध्ये नौदलात आल्या. पुढच्या दोन दलालीच्या आरोपांत बुडाल्या. त्यानंतरची कलवरी दाखल व्हायला 2017 उजाडले. तेवीस वर्षे! तोवर शिकलेले बरेचसे कारागीर निवृत्त झाले, उरलेले पांगले.

वेल्डिंग सायकलसारखे नसते, एकदा आले की आले असे नाही. अनेक आंतरराष्ट्रीय मानकांनुसार सहा महिने त्या पद्धतीचे काम केले नाही, तर वेल्डरची पात्रता संपते. पाणबुडीच्या सांगाड्याचे जोड आतून तपासले जातात आणि दोष सापडला की पुन्हा करावे लागतात. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचा बग राहिला तर दुसऱ्या दिवशी पॅच निघतो. खोल समुद्रात पॅच नाही.

म्हणून माझे म्हणणे: विस्तार शक्य आहे, पण ऑर्डरी एकामागून एक, खंड न पडता आल्या आणि माणसे आधी घडवली तरच. क्षेपणास्त्रवाहू अरिहंत 2009 मध्ये पाण्यात उतरली, 2016 मध्ये नौदलात आली; दुसरी, अरिघात, ऑगस्ट 2024 मध्ये. हा वेग केवळ घोषणांनी वाढणार नाही.

आता खान्देशाकडे या. आपली तापी सुरतेपलीकडे हजिऱ्यापाशी समुद्राला मिळते. तिथल्या एल अँड टीच्या कारखान्यात अरिहंतच्या सांगाड्याचे भाग बनले आणि विशाखापट्टणमला जोडले गेले. वरणगाव आणि भुसावळला तर संरक्षण खात्याचे कारखाने कित्येक दशके आहेत. तरी धुळ्यातला यंत्रमागवाल्याचा मुलगा वेल्डिंग शिकतो ते ग्रिल आणि गेट बनवायला, नाहीतर आखातात जायला. धुळ्याहून हजिरा म्हणजे एका दिवसाचा रस्ता.

“यात आपल्याला कोण घेणार?” हे मोहल्ल्यात रोज ऐकू येते. भेदभाव होत नाही असे मी म्हणणार नाही. पण अर्जच न करणाऱ्याला नाकारण्याचे कष्टही कुणाला घ्यावे लागत नाहीत. डीपीला कलामसाहेबांचा फोटो लावून तर हे सुटणार नाहीच.

आणि दुसऱ्या बाजूला: संरक्षणावर आपल्यापैकी कुणी प्रश्न विचारला की त्याच्या निष्ठेची झडती सुरू होते. ती झडती मी देणार नाही. 40 हजार कोटींत माझाही कर आहे. गुपित असेल तर अणुभट्टीचे आणि क्षेपणास्त्राचे असावे, कारागिरांच्या प्रशिक्षणाचे कशाला?

धुळे, जळगाव, भुसावळच्या आयटीआयमध्ये क्ष-किरण तपासणीत टिकेल असे वेल्डिंग शिकवायची सोय किती मुलांसाठी आहे, हे माहिती अधिकारात लेखी मागा. माझगाव डॉक आठवी, दहावी आणि आयटीआय झालेल्या मुलांना शिकाऊ म्हणून घेते. जाहिरात आली की तिची प्रिंट जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेर लावा, आणि उर्दू शाळेच्या फळ्यावरही.