हळदीला कोणतं गाणं लावायचं?

मागच्या उन्हाळ्यात खामगावात आमच्या नात्यातल्या एका घरी हळद होती. दारापुढे मांडव, मांडवाच्या तोंडाशी डीजेच्या पेट्या. संध्याकाळी बायका-पोरी नाचत होत्या. नववीतली माझी भाची तर भान हरपून नाचत होती. तेवढ्यात डीजेवाल्यानं एक नवं गाणं लावलं. त्यातल्या बाईच्या अंगाचा एकेक अवयव मोजून झाला, तशी कडेला उभी असलेली पोरं पुढे सरकली. एकानं मोबाइल वर धरून चित्रण सुरू केलं. भाचीच्या आईनं तिच्या दंडाला धरून तिला घरात नेलं. पाठोपाठ बाकीच्या पोरीही गेल्या. गाणं चालूच राहिलं.

आत स्वयंपाकघरात भाची रडत बसली होती. मला म्हणाली, "मावशी, गाणं बदलवायचं सोडून मलेच काहून आत आणलं?"

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. पोरीनं काही चुकीचं केलं नव्हतं. तिच्या आईचंही चुकलं असं म्हणवत नाही, तिला पोरीची काळजी होती. पण डीजेवाल्याजवळ जाऊन "हे गाणं बंद करा" म्हणायचं मांडवातल्या पन्नास बायकांपैकी एकीलाही सुचलं नाही. मलाही नाही. पैसे पुरुषांनी दिलेले, पेनड्राइव्ह पोरांनी भरलेला. आपण फक्त नाचायचं किंवा आत जायचं, हे आपण धरूनच चाललो होतो.

अशा गाण्यांवर बंदी घाला, असं आपल्या बैठकांतून अनेकदा म्हटलं जातं. मला त्याचा फारसा उपयोग दिसत नाही. 1993 साली 'खलनायक'मधल्या चोलीच्या गाण्यावरून केवढं रान उठलं होतं. 2024 साली 'क्रू' सिनेमात तेच गाणं नव्या ठेक्यावर परत आलं, आणि त्या सिनेमाच्या तिन्ही मुख्य भूमिका बायकांच्या! गाणी अशी अडवून अडत नाहीत. शिवाय बंदीची भाषा सुरू झाली की पहिली बंदी पोरींच्या नाचण्यावर येते, हे आपण पाहतोच.

खरं तर बायकांना गाणी निवडायला दुसऱ्या कुणाची गरज कधीच नव्हती. आपल्याकडे भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई बसते. गावात मोठ्या देवीच्या उत्सवाची लगबग सुरू असते आणि इकडे पोरी घरोघर जाऊन टिपऱ्यांवर गाणी म्हणतात. सासरचा जाच, माहेरची ओढ, सासूची खोडी, सगळं त्यात येतं. ती गाणी कुणी पास करून घेतली नव्हती. जात्यावरचंही तसंच. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखावर ओव्या गोळा केल्या. त्या सगळ्या बायकांनी रचलेल्या. जातं गेलं, गिरणी आली, ते चांगलंच झालं. दळणाचे कष्ट वाचले. पण त्याबरोबर गाणं आपल्या तोंडातून निघून पेटीत गेलं आणि पेटी दुसऱ्याच्या हातात गेली.

म्हणून यंदा मी गाण्यांची यादी करायला बसले. भाचीला सोबत घेतलं, कारण नवी गाणी तिला जास्त माहीत. प्रत्येक गाण्याला आम्ही दोनच प्रश्न विचारले. यातली बाई स्वतः काही बोलते, की तिच्याविषयी नुसतं बोललं जातं? आणि हे गाणं लागलं तर पोरींना आत जावं लागेल का?

पहिलं भांडण 'गुलाबी साडी'वरून झालं. जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोडचं हे 2024 सालचं गाणं. साडी, लाली, फोटो, यात काय आहे असं माझं मत. भाची म्हणाली, "मावशी, यात तीच सांगते ना, मी भारी दिसते, माझा फोटो काढ म्हणून. त्या दिवशी त्या पोरानं मला विचारून काढला होता का?" मी गप्प झाले. आपण नटतो ते आपल्या आनंदासाठी, आणि आपला फोटो कुणी काढायचा ते आपण ठरवायचं. गाणं यादीत गेलं.

सिनेमातल्या गाण्यांत 'सैराट'ला (2016) तोड नाही. 'झिंगाट'वर सगळं गाव नाचतं, नाचू द्या. पण त्याच सिनेमातलं श्रेया घोषालनं गायलेलं 'आताच बया का बावरलं' मुद्दाम ऐका. पोरीच्या मनात प्रेम उमलतं तेव्हा काय होतं, ते पोरीच्याच तोंडून येतं. संगीत अजय-अतुलचं. त्यांचंच 'महाराष्ट्र शाहीर'मधलं (2023) 'बहरला हा मधुमास' हे गाणं दोघांचं आहे, तीही गाते, तोही गातो. हा सिनेमा शाहीर साबळ्यांवरचा. शाहिरांनी गायलेली काही गाणी त्यांच्या पत्नी भानुमतीबाईंनी लिहिलेली होती, हेही पोरींना सांगावं.

'बाईपण भारी देवा' (2023) पाहायला बायकांचे घोळके थिएटरात गेले होते. सहा बहिणी मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र येतात, अशी ती गोष्ट. त्यातल्या मंगळागौरीच्या गाण्यावर साठीची बाईसुद्धा फेर धरते. माझी एकच अट आहे. मंगळागौर ही सवाष्णींची म्हणून विधवा बाईला फेराबाहेर बसवणार असाल, तर हे गाणं लावू नका. आमच्या घरच्या काकू दर वेळी खुर्चीवर बसून टाळ्या वाजवतात. या वेळी त्यांना आधी उठवायचं ठरवलं आहे.

लावणी हवी की नको, यावर आपल्यात दोन मतं आहेत. 'चंद्रमुखी'मधली (2022) 'चंद्रा' ही लावणी मी यादीत ठेवली. लावणीत नाचणारी बाई कलावंत असते, फड तिच्या जोरावर चालतो. नऊवारी अंगभर असते आणि सगळी करामत पायांत आणि डोळ्यांत असते. लावणी पाहताना शिट्ट्या मारायच्या आणि घरी आल्यावर त्याच बाईला नावं ठेवायची, हा दुटप्पीपणा मात्र सोडायला हवा.

आता भीमगीतं. ती आपण चौदा एप्रिलला वस्तीतून ऐकतो, पण वस्तीबाहेरच्या किती घरच्या हळदीला ती लागतात? एकतारी घेऊन गावोगाव गाणाऱ्या कडूबाई खरात मोबाइलमुळे महाराष्ट्रभर पोचल्या. बाबासाहेबांमुळे आपल्या आयुष्यात काय काय आलं, ते एक कष्टकरी बाई आपल्या बोलीत, खड्या आवाजात सांगते. गाणं म्हणजे नुसती करमणूक असं ज्यांना वाटतं, त्यांनी 2015 सालचं शिर्डी आठवावं. मोबाइलवरच्या बाबासाहेबांच्या गाण्यावरून वाद झाला आणि एका दलित तरुणाचा खून झाला. कुणाचं गाणं कुठं वाजतं याला आपल्या समाजात एवढी किंमत मोजावी लागते. म्हणून हे गाणं आपल्या मांडवात लावणं मला महत्त्वाचं वाटतं.

रॅप हा प्रकार मला कळत नव्हता. भरभर बोलणं, त्यात पोरांची शिवीगाळ, एवढंच ठाऊक. मग भाचीनं मला माही जी ऐकवली. ही महादेव कोळी समाजातली मधुरा घाणे. 'जंगल चा राजा'मध्ये ती आदिवासींचं जंगलाशी असलेलं नातं मांडते. 2024 साली ग्रीनपीस इंडियाबरोबर तिनं उष्णतेच्या लाटेवर गाणं केलं. आपल्या भागात मे महिन्यात उन्हातान्हात राबणाऱ्या बायांना ते गाणं समजावून सांगावं लागणार नाही.

आणि रात्री पाहुणे पांगल्यावर, भांडी आवरताना ऐकायला 'लापता लेडीज'मधलं (2024) 'धीमे धीमे'. घुंगटामुळे आगगाडीत दोन नवऱ्या मुलींची अदलाबदल होते, अशी त्या सिनेमाची कथा. नवऱ्या मुलीनं तो हळदीआधी पाहिला तर उत्तम.

यादी झाली, पण नुसत्या यादीनं भागत नाही. डीजेचा बयाणा देतानाच आपला पेनड्राइव्ह त्याच्या हाती द्यायचा आणि घरातल्या पुरुषांसमोर सांगायचं, की बायका नाचत असतील तोवर हीच गाणी लागतील. बायकांच्या वेळी पेट्यांजवळ एक बाई उभी राहील. आणि न विचारता चित्रण करणाऱ्याला बाहेर काढायची जबाबदारी घरच्या मोठ्या पुरुषाची, पोरीच्या आईची नव्हे. यावर घरात कुरकुर होईल. "गाण्याचं एवढं काय?" असं म्हणतील. एवढं काही नसेल, तर मग आमची गाणी लावायला हरकत कसली, असं विचारायचं.

आमच्याकडे पुढची हळद यंदाच्या लग्नसराईत आहे. पेनड्राइव्ह भाचीच्या ताब्यात आहे आणि पेट्यांजवळ मी उभी राहणार आहे. मैत्रिणींनो, तुमच्या गावात पोरी कोणत्या गाण्यावर नाचतात आणि कोणत्या गाण्याला आत जातात, ते आम्हाला जरूर लिहून कळवा. पुढच्या अंकापर्यंत यादी वाढवू.