शेजाऱ्याच्या मुलाची लस

अंगावर गोवर उमटला की मुलाला आडोशास ठेवावे, दाराशी कडुलिंबाचा डहाळा लावावा आणि तो मावळण्याची वाट पाहावी, हा आपल्या घरांतील जुना परिपाठ. परंतु गोवर हा निरुपद्रवी पाहुणा नव्हे, हे २०२२ च्या अखेरीस मुंबईने अनुभवले. गोवंडीच्या दाट वस्तीत साथ उसळली, मालेगाव व भिवंडी येथेही ती पोहोचली आणि काही बालके दगावली. लस देशात होती. ती सर्व घरांत गेली नव्हती.

लस म्हणजे शरीरास दिलेला धडा होय. दुर्बल केलेल्या विषाणूशी झुंजताना शरीर जे शिकते, ते खरा शत्रू आला असता त्यास स्मरते. परंतु पहिल्याच वेळी सर्व विद्यार्थ्यांस पाठ येत नाही, हे कोणाही शिक्षकास ठाऊक असते. नवव्या महिन्यातील मात्रेने शंभरांपैकी सुमारे ८५ बालकांस संरक्षण लाभते. उरलेल्यांसाठीच १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यानची दुसरी मात्रा आहे.

ही झाली एका देहाची गोष्ट. समाजाची याहून निराळी. जेथे कोणासच प्रतिकारशक्ती नाही, तेथे गोवराचा एक रुग्ण १२ ते १८ जणांस बाधा देऊ शकतो. म्हणूनच साथ रोखण्यास शंभरांपैकी ९५ बालकांस दोन्ही मात्रा मिळाव्या लागतात. आणि तेथे केवळ सरासरी उपयोगाची नाही. समजा, महागाव तालुक्यात गावोगावच्या मुलांस लस मिळाली, परंतु हंगाम आटोपताच मजुरीसाठी परगावी जाणाऱ्या एखाद्या तांड्यातील मुलांची दुसरी मात्रा हुकली. कागदावर तालुका उत्तीर्ण होईल. त्या तांड्यात मात्र साथीस रान मोकळे राहील.

"आमच्या मुलास लस दिली, आम्हांस काय त्याचे?" असे विचारणाऱ्या सुशिक्षित गृहस्थाने आपल्याच घरातील पाळण्याकडे पाहावे. नऊ महिन्यांखालील बाळास नेहमीच्या क्रमात ही लस मिळत नाही. रक्ताच्या कर्करोगावर उपचार घेणाऱ्या मुलास ती देताच येत नाही. या दोघांचे रक्षण शेजाऱ्याच्या मुलास दिलेली लस करीत असते. येथे परोपकार व स्वार्थ एकच आहेत.

१४ जून १८०२ रोजी मुंबईत तीन वर्षांच्या एका मुलीस देवीची लस यशस्वीपणे टोचली गेली. देशातून देवी हटण्यास १९७५ साल उजाडले. लस सापडणे आणि ती शेवटच्या झोपडीपर्यंत जाणे, यांत एवढे अंतर पडू शकते.

गोवराच्या बाबतीत ते अंतर तोडणे आपल्या हाती आहे. स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांची नोंद गाव सोडण्यापूर्वीच व्हावी आणि ती जातील तेथे लस त्यांच्यामागे जावी, हे शासनाचे काम. वाचकांचे काम त्याहून सोपे आहे. आपल्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईंच्या मुलाची दुसरी मात्रा झाली का, हे आपुलकीने विचारावे. झाली नसेल तर त्या दिवसाची रजा द्यावी, आणि पगार कापू नये.