‘कबुलीजबाब’ नव्हे

आत्मचरित्र हा वाङ्मयप्रकार शिकवला जाताना एक विधान हमखास कानी पडते : ख्रिस्ती माणसाने पाप करावे, धर्मगुरूपुढे सांगावे आणि मोकळे व्हावे, सेंट ऑगस्टीनचा ‘कन्फेशन्स’ हा अशा मोकळे होण्याचाच ग्रंथ. उत्तरपत्रिकांतून हे विधान वर्षानुवर्षे येते आणि त्याला गुणही मिळतात. आमच्या मते तो ग्रंथ न वाचल्याचा पुरावा आहे.

गफलतीचे एक मूळ भाषांतरात आहे. ‘कन्फेशन’ला आपण ‘कबुलीजबाब’ म्हणतो. शब्द कोर्टकचेरीतला, त्यामागोमाग आरोपी येतो, फौजदार येतो, शिक्षेतली सूटही येते. मूळ लॅटिन शब्दात पापाच्या स्वीकाराइतकेच ईश्वराचे स्तवनही आहे. सर्वज्ञापुढे कबुली द्यायची ती कसली, हा प्रश्न ऑगस्टीनने स्वतःच उपस्थित केला आहे.

इ.स. 387 च्या ईस्टरला मिलान येथे अँब्रोजच्या हस्ते त्याचा बाप्तिस्मा झाला. ख्रिस्ती श्रद्धेनुसार मागील सर्व पापांची क्षमा तेथेच झाली. ग्रंथ लिहायला घेतला तो सुमारे दहा वर्षांनी, बिशप झाल्यावर. मोकळे होणे एवढाच हेतू असता तर नवव्या भागाअखेर लेखणी खाली ठेवायला हरकत नव्हती. पण दहावा भाग येतो, आणि त्यात हा क्षमा पावलेला माणूस आपल्या सवयी तपासत बसतो. जेवताना शरीराची गरज कोठे संपते आणि जिभेची चैन कोठे सुरू होते? स्तोत्र ऐकताना मन अर्थात रमते की सुरात? घरी बसले असता पाल माशी पकडू लागली की लक्ष तिकडे का जाते? बिशपाने पालीकडे पाहण्याचीही चिंता करावी याचे हसू येते, यावे. परंतु ज्याला क्षमा ही पळवाट वाटते, तो माणूस पालीपर्यंत पोहोचत नाही.

पेअर चोरल्याचा प्रसंग सगळेच सांगतात. मोनिकाचा, त्याच्या आईचा, क्वचितच कोणी सांगते. लहानपणी पिंपातून द्राक्षारस काढून आणताना ती एक घोट घेई. रोज थोडा अधिक, असे करत पेलेच रिकामे होऊ लागले. दासीने भांडणात मद्यपी म्हणून हिणवले आणि ती सवय सुटली. पाप असे घोटाघोटाने वाढते हे ऑगस्टीनला पक्के ठाऊक आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानातील प्रार्थनेतही रोजच्या भाकरीला लागूनच क्षमेची मागणी येते, तीही आपण इतरांना केलेल्या क्षमेशी बांधलेली. क्षमा ही एकदाच मिळणारी सनद असती तर ती भाकरीशेजारी कशाला मागितली असती?

मग चांगल्या सवयींनी क्षमा कमावता येते काय? तेही नाही. ईश्वराने आज्ञा करावी आणि पाळण्याचे बळही त्यानेच पुरवावे, अशा आशयाची याचना याच दहाव्या भागात आहे. ती ऐकून पेलागियस संतापला होता. अशाने माणसाची जबाबदारीच उरत नाही, हा त्याचा आक्षेप. आमच्या वर्गांतला आक्षेप हाच आहे, फक्त पेलागियसने तो वाक्य ऐकून घेतला होता. चर्चने या आक्षेपाला निमित्त दिले, हे खरे. पापदंडमाफीच्या पत्रांचा व्यापार झालाच. पण 1517 मध्ये त्याविरुद्ध उभा राहिलेला लूथरही ऑगस्टीनच्याच संघातला साधू होता, आणि त्याचे पहिले प्रतिपादन अवघे आयुष्य पश्चात्तापाचे असावे असे आहे.

मराठीत हा संबंध ‘स्मृतिचित्रे’त ढळढळीत दिसतो. लक्ष्मीबाई टिळकांचा खाण्यापिण्यातला विटाळ आधी सुटला. बाप्तिस्मा नंतर, 1900 मध्ये. आम्ही समीक्षक पहिल्या गोष्टीला समाजसुधारणा म्हणतो, दुसरीला धर्मांतर, आणि दोन वेगळ्या तासांना शिकवतो. ख्रिस्ती वाचकाला पश्चात्ताप त्या पाण्याच्या भांड्यापाशीच सुरू झालेला दिसला, तर त्याचे वाचन कोणत्या आधारावर चूक ठरवणार?

पुढच्या प्रश्नपत्रिकेत पेअरची चोरी वगळावी आणि दहाव्या भागावर एक प्रश्न घालावा, अशी आमची सूचना आहे. वीस गुणांचा.