कृतीसकट पाठवा

उन्हाळा आला की घराघरांत हात चालू लागतात. कोकणात आमसुलं वाळतात, गच्चीवर कुरडया पडतात, कुणी जुनी फळी काढून रंधा मारायला बसतं. यंदाचा अंक या घरगुती हुन्नरांचा आहे.

आत्ताच का? शिकवणाऱ्या चित्रफितींचा सुकाळ आहे, पण त्यांत वस्तू तयार झालेलीच जास्त दिसते. मधली खटपट कापली जाते. आमसुलांचंच घ्या: कोकमाची सालं रसात बुडवून वाळवायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा वाळवायची. हे ‘पुन्हा’ किती वेळा, ते करणाऱ्यालाच विचारावं लागतं. कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’ (१९७०) या पाककृतींच्या पुस्तकाने वाटी-चमच्याचं माप दिलं आणि नवख्यांनाही धीर आला. आम्हाला तसलंच नेमकं लेखन हवं होतं.

म्हणून या अंकात तज्ज्ञ कमी, हौशी जास्त. गोधडीचा धावदोरा, कुंडीतला पालापाचोळा, लाकडाच्या रेषा पाहून फिरवलेला रंधा, असं बरंच काही आहे. चकचकीत फोटो मात्र मुद्दाम कमी ठेवलेत.

तुमच्याही घरी असं काही चालू असेल, तर मापासकट, फसलेल्या घाण्यासकट लिहून पाठवा. निवडक कृती पुढच्या अंकात छापू.