विंडोज १० चा सपोर्ट संपला, कॉम्प्युटर बदलायची वेळ आली. पण जुन्या फोटोंचं काय?

"आत काही महत्त्वाचं आहे का? फॉरमॅट मारावं लागेल."

जुना कॉम्प्युटर घेऊन दुकानात गेलात की हा प्रश्न हमखास येतो. आपण दोन सेकंद विचार करतो आणि म्हणतो, "काही नाही, फोटो आहेत फक्त." मग ते 'फक्त' फोटो एका पेन ड्राइव्हवर टाकले जातात आणि कॉम्प्युटर कोरा होतो. काय राहून गेलं हे कळायला मात्र कधी कधी वर्ष लागतं. आजोबांच्या पंच्याहत्तरीला व्हिडिओ करायला घेतला जातो आणि २००८ चं फोल्डरच सापडत नाही.

हा प्रश्न सध्या असंख्य घरांत एकाच वेळी आला आहे. त्यामागे एक तारीख आहे.

आत्ताच का?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सपोर्ट थांबवला. जुलै २०१५ मध्ये आलेली ही सिस्टीम त्या दिवशी बंद पडली नाही, पण तिला मिळणारे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट्स थांबले. विंडोज ११ टाकावं म्हटलं तर त्यासाठी टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप आणि साधारण २०१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे त्याआधी घेतलेले, व्यवस्थित चालणारे कॉम्प्युटरही यादीतून बाहेर पडले.

पण घाई करायचं कारण नाही. घरगुती वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट्सची सोय ठेवली आहे. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉग-इन करून कॉम्प्युटरच्या सेटिंग्ज सिंक केल्या, तर त्यासाठी पैसेही लागत नाहीत. विंडोज अपडेटच्या पानावर नावनोंदणीचा पर्याय दिसतो. म्हणजे फोटो शांतपणे हलवायला वेळ मिळतो, आणि या कामात वेळच सगळ्यात महत्त्वाचा आहे.

पणाला नेमकं काय लागलंय?

घरातल्या फोटोंचे ढोबळमानाने तीन काळ पडतात. पहिला रोलच्या कॅमेऱ्याचा. ते फोटो कपाटातल्या अल्बममध्ये आहेत. तिसरा स्मार्टफोनचा. त्यातले बरेचसे गूगल फोटोज किंवा आयक्लाउडवर आपोआप जातात.

खरा धोका मधल्या काळाला आहे, साधारण २००३ ते २०१४. तेव्हा घरात डिजिटल कॅमेरा आला, प्रिंट काढणं थांबलं आणि क्लाउड अजून अंगवळणी पडायचं होतं. त्या वर्षांतली बारशी, मुंजी, सहली, आज नसलेली माणसं घरातल्या एकाच हार्ड डिस्कवर आहेत. दुसरी प्रत कुठेच नाही. आणि नेमका तोच कॉम्प्युटर आता मोडीत निघतोय.

धोका हलवताना असतो

आपल्याला वाटतं, फोटो जातात ते हार्ड डिस्क बिघडल्यावर. पण धडधाकट मशीनवरचे फोटोही जातात, आणि ते बऱ्याचदा एका जागेवरून दुसऱ्या जागी नेताना.

हे मोठ्या कंपन्यांच्या बाबतीतही झालंय. एकेकाळी जगातली आघाडीची सोशल साइट असलेल्या मायस्पेसने २०१९ मध्ये सांगितलं, की सर्व्हर बदलण्याच्या कामात तीन वर्षांहून जुने फोटो, व्हिडिओ आणि गाणी गेली असू शकतात. २००३ ते २०१५ या काळातली सुमारे ५ कोटी गाणी गेल्याचा अंदाज तेव्हा मांडला गेला. त्यातली साधारण ४ लाख ९० हजार गाणी परत मिळाली, ती मायस्पेसकडून नव्हे. संशोधकांच्या एका गटाने आधीच त्यांची कॉपी करून ठेवली होती म्हणून.

विंडोजचंही उदाहरण आहे. ऑक्टोबर २०१८ च्या विंडोज १० अपडेटनंतर काही लोकांच्या डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स फोल्डरमधल्या फाइल्स उडाल्या. ज्यांनी या फोल्डरची जागा बदलली होती, पण जुन्या जागी फाइल्स तशाच होत्या, त्यांना हा फटका बसला. मायक्रोसॉफ्टला ते अपडेट चार दिवसांत थांबवावं लागलं.

दोन्हींतून एकच गोष्ट कळते. ज्यांच्याकडे दुसरी प्रत होती, त्यांचं वाचलं.

'वनड्राइव्हवर आहे की सगळं!'

इथे सगळ्यात मोठा गैरसमज होतो. सिंक आणि बॅकअप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सिंक म्हणजे दोन ठिकाणं एकसारखी ठेवणं. इकडे डिलीट केलं की तिकडेही डिलीट. बॅकअप म्हणजे वेगळी प्रत, जिच्यावर मूळ जागी केलेल्या चुकीचा परिणाम होत नाही.

विंडोजमध्ये पिक्चर्स फोल्डर अनेकदा वनड्राइव्हला जोडलेलं असतं. मोफत जागा मात्र फक्त ५ जीबी. ती भरली की पुढचे फोटो वर जात नाहीत, आणि कोपऱ्यातल्या सूचनेकडे आपण लक्ष देत नाही. उलटही होतं. फाइलवर ढगाचं चिन्ह असेल तर तो फोटो कॉम्प्युटरवर नसून फक्त क्लाउडवर आहे. अशा फोल्डरवर राइट क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' निवडा, सगळं डाउनलोड होऊ द्या आणि मगच कॉपी करा.

गूगल फोटोजची अमर्याद मोफत जागा १ जून २०२१ पासून बंद झाली आहे. आता जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी मिळतात. शिवाय 'स्टोरेज सेव्हर' निवडलं असेल तर फोटो दाबून लहान केले जातात. तिथे ठेवायचेच असतील तर 'ओरिजिनल क्वालिटी' निवडा.

आधी शोधा, मग हलवा

सगळे फोटो पिक्चर्समध्ये नसतात. हे कोपरे तपासा:

- डेस्कटॉप आणि डाउनलोड्स. 'न्यू फोल्डर (३)' उघडून बघाच.
- डी आणि ई ड्राइव्ह. मागच्या वेळी फॉरमॅट मारताना कुणीतरी 'बॅकअप' नावाने तिथे सगळं ठेवलेलं असतं.
- कॉम्प्युटरवरची इतर युजर खाती. भावाच्या किंवा बाबांच्या खात्यातले फोटो तुमच्या खात्यातून दिसत नाहीत.
- जुन्या मोबाइलचे बॅकअप आणि कॅमेऱ्याची मेमरी कार्डं.
- कपाटातल्या सीडी. स्टुडिओवाल्याने दिलेली लग्नाची, मुंजीची सीडी वाचणारं घरातलं शेवटचं मशीन हा जुना डेस्कटॉपच असू शकतो. नव्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह सहसा नसतो.

हलवायचे कसे?

एक: ओळखीच्या दुकानातून एक्स्टर्नल हार्ड डिस्क किंवा एसएसडी घ्या. अगदी स्वस्तात '२ टीबी' म्हणून विकले जाणारे पेन ड्राइव्ह टाळा. बनावट ड्राइव्ह कॉम्प्युटरवर २ टीबी दाखवतो, खरी जागा त्याच्या छोट्या अंशाइतकीच असते. ती भरल्यावरही कॉपी चालू राहते. फक्त फाइल्स खराब होतात.

दोन: कट-पेस्ट करू नका, कॉपी-पेस्ट करा. मध्येच वीज गेली किंवा केबल सैल झाली तरी मूळ फाइल जागेवर राहिली पाहिजे.

तीन: फोटो निवडून कॉपी करू नका, अख्खं फोल्डर उचला. पिकासा वापरलं असेल तर हे फारच महत्त्वाचं. गूगलने २०१६ मध्ये पिकासा बंद केलं, पण चेहऱ्यांना दिलेली नावं आणि केलेली एडिटिंग प्रत्येक फोल्डरमधल्या लपलेल्या फाइलमध्ये असते. अख्खं फोल्डर कॉपी केलं तर ती फाइलही येते.

चार: नावं बदलणं, डुप्लिकेट काढणं, वर्षवार लावणं हे सगळं नंतर. आधी जसं आहे तसं उचला. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोंमधली मूळ तारखेची माहिती गेलेली असते. फोटो कधी आला हे बऱ्याचदा फक्त फाइलच्या नावावरून कळतं. नाव बदललं की तेही गेलं.

पाच: घाई नको. जुन्या यूएसबी पोर्टमधून २०० जीबी कॉपी व्हायला दोन तास सहज लागतात, छोट्या फाइल्स असतील तर जास्तच. चार्जर लावा, स्लीप मोड बंद करा.

कॉपी झालं, म्हणजे आलं?

नाही. दोन्ही फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. फाइल्सची संख्या आणि 'साइझ' जुळते का बघा. 'साइझ ऑन डिस्क' वेगळी आली तर घाबरू नका, ती ड्राइव्हनुसार बदलते.

मग डिस्क नव्या कॉम्प्युटरला लावा आणि काही फाइल्स उघडा: सगळ्यात जुना फोटो, सगळ्यात नवा, मधले आठ-दहा आणि सगळ्यात मोठा व्हिडिओ, तोही शेवटपर्यंत. अर्धा फोटो करडा दिसला तर ती प्रत बिघडलेली आहे.

सगळ्या फोटोंवर आजचीच तारीख दिसली तर? ती बहुतेक कॉपी केल्याची तारीख असते. कॅमेऱ्याने नोंदवलेली तारीख फोटोच्या आत असते आणि कॉपी करताना ती जात नाही. 'डेट टेकन'नुसार लावलं की फोटो पुन्हा वर्षांत बसतात.

जुना कॉम्प्युटर कधी द्यायचा?

पीटर क्रो या अमेरिकी फोटोग्राफरने रूढ केलेला ३-२-१ नियम इथे कामाला येतो. एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. नवा लॅपटॉप, एक्स्टर्नल डिस्क आणि क्लाउड. क्लाउडचे पैसे द्यायचे नसतील तर दुसरी डिस्क बहिणीच्या किंवा मावशीच्या घरी. चोरी, आग किंवा पुराचं पाणी घरातल्या दोन्ही प्रती एकदम नेऊ शकतं, म्हणून तिसरी बाहेर.

या तीन प्रती तपासून होईपर्यंत जुन्या मशीनला हात लावू देऊ नका. शक्य असेल तर महिनाभर तसंच ठेवा. राहिलेलं काहीतरी आठवतंच. लॅपटॉप एनक्रिप्टेड असेल तर ४८ अंकी बिटलॉकर रिकव्हरी की लिहून ठेवा. ती नसेल तर, मशीन बंद पडल्यावर डिस्क काढून दुसरीकडे लावली तरी काही वाचता येत नाही.

शेवटी कॉम्प्युटर देताना मात्र तो नीट पुसून द्या. रिसेटमध्ये ड्राइव्ह पूर्ण साफ करण्याचा पर्याय निवडा, कारण साध्या डिलीटनंतर हार्ड डिस्कवरचे फोटो दुसऱ्याला परत काढता येऊ शकतात. एसएसडीवर ते परत मिळण्याची शक्यता कमीच, पण मग चुकून उडवलेलं तुम्हालाही मिळणार नाही. भंगारात देण्याऐवजी नोंदणीकृत ई-कचरा केंद्रात द्या.

आणि दुकानात पुन्हा तो प्रश्न आला, की आत काही महत्त्वाचं आहे का, तर उत्तर द्यायची घाई करू नका. मशीन घरी आणा, एक रविवार काढा आणि आईबाबांना शेजारी बसवा. कुठल्या फोल्डरमध्ये कोण आहे, हे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं.