एसीचा लपंडाव

मुलांनो, मे महिन्यात गाडीतून गावाला निघालात. एसीचा मस्त गार वारा येतोय आणि मध्येच गरम! थोड्या वेळाने पुन्हा गार. गॅरेजमध्ये न्यावं, तर तिथे स्वारी शहाण्यासारखी चालते. या लपंडावात राज्य तुमच्यावर! वही-पेन्सिल घ्या, मागच्या सीटवर बसा आणि टिपा : एसी नेमका केव्हा रुसतो?

सिग्नलला गाडी थांबली की गरम, धावू लागली की गार? मग पुढच्या जाळीमागचा पंखा बंद पडत असेल. तासाभराने वाऱ्याचा झोतच मंदावतो आणि एसी जरा बंद ठेवला की सुधारतो? आतल्या थंड नळ्यांवर बर्फ साचत असेल. खड्ड्यात आदळल्यावर बंद-चालू होतो? एखादी तार सैल असेल. कॉम्प्रेसर सारखा ‘टक्‌-टक्‌’ करत चालू-बंद होतो? बहुधा गॅस कमी झालाय.

आई-बाबांनो, हा गॅस पेट्रोलसारखा संपत नाही, तोच तो आत फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय. गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं!

आणि मुलांनो, बॉनेटखालच्या नळ्यांना हात लावायचा नाही बरं का! बऱ्याच गाड्यांत असणारा आर-१३४ए उघड्यावर उणे २६ अंशांनाच उकळतो. अंगावर उडाला तर कातडी गोठते. तुम्ही फक्त वही मेकॅनिककाकांना दाखवा. लपलेला भिडू लवकर सापडेल!